तिसरीची रांग

१० फेब्रुवारी, सोमवार

दोरी वरून खाली आली. टोक मी धरले. कावेरी कडब्याच्या गंजीवर पालथी पडून ओरडली, "आई, ताठ धर!" मी ताठ धरली. तिने वरच्या जागी गाठ मारली आणि घसरत खाली आली. पाठीला कडबा, केसांत कडबा. मग दोरी अंगणात आडवी टाकून हाताने मोजली. माझ्या हाताने आठ हात, तिच्या हाताने बारा.

"गंज एकच आहे. मग उत्तरं दोन कशी?"

तिने दोरीवर आधी माझा हात ठेवला, मग आपला. म्हणाली, "हात दोन हायेत ना."

असा तास मी कॉलेजात कोणाचा पाहिला नाही. स्वतःचाही नाही.

सासूबाई ओट्यावर ज्वारी निवडत होत्या. म्हणाल्या, "साळा गंजीवर भरती. गंज सरली की मोठी सुट्टी का गं?"

कावेरीला गंजीवर चढायला फार आवडते. उद्या कोणता खेळ घ्यायचा विचारले की गंजच म्हणते. वरून नांदूरघाटचा रस्ता थेट फाट्यापर्यंत दिसतो. मोकळ्या जागेत मूल मोकळे होते, असे मी फोनवरच्या घरशाळेच्या गटात लिहिले. पुण्याच्या दोन आयांनी जोडलेले हात पाठवले. त्यांच्याकडे मोजण्यासाठी लाकडी ठोकळे आहेत.

१२ फेब्रुवारी, बुधवार

विजयसिंह सर येऊन गेले. वस्तीच्या शाळेत दोन शिक्षक. तिसरी आणि चौथी एका खोलीत, सरांकडे. कावेरी तिसरीत. एका भिंतीला तिसरीची रांग, दुसऱ्या भिंतीला चौथीची. ज्याला येत नाही तो चौथीत गेला तरी तिसरीच्याच रांगेत बसतो. याला नियम नाही, सरांची सोय आहे.

"मॅडम, पाडव्यापर्यंत कळवा," ते म्हणाले. "एक तर पोरगी शाळेत पाठवा. न्हाईतर घरीच शिकवणार असं लिहून द्या. मी पटावरून नाव कमी करतो. अधांतरी ठेवू नका."

मी कळवते म्हटले. खरे तर ठरले आहे. घरीच शिकवायचे.

ठरले कसे ते एकदा लिहून ठेवते. दिवाळीनंतर वस्तीतली निम्मी घरे ऊसतोडीला गेली. शेजारचा बंकटही गेला, बायको आणि तिसरीतली मुलगी बबिता यांना घेऊन, कोल्हापूरकडे. शाळेत बावीस मुले होती, त्यांतली दहा उरली. त्याच आठवड्यात कावेरीचे पोट दुखू लागले. रोज सकाळी, शाळेच्या वेळेला. केजच्या डॉक्टरांना काही सापडले नाही. मी समजले. तिला शाळेची भीती बसली होती. रिकामा वर्ग, सरांचा चढा आवाज. त्याच महिन्यात कॉलेजने मला कळवले की यंदा मराठीचे तास नाहीत. सात वर्षे मी तासिका तत्त्वावर होते. म्हणजे मीही घरी, तीही घरी.

कावेरीचे बाबा, उत्तरेश्वर, दुधाचे कॅन टेम्पोत चढवत होते. त्यांना सर येऊन गेल्याचे सांगितले.

"तिला इचारलंस का?"

"विचारायचं काय? तिच्या चेहऱ्यावर दिसतं."

"चेहरा मला बी दिसतो," ते म्हणाले आणि कॅनचे झाकण लावले.

१७ फेब्रुवारी, सोमवार

स्कूटी पंक्चर. फाट्यावर पाशाभाईंच्या गॅरेजला गेलो. पंक्चर निघेपर्यंत कावेरीने जमिनीवर पसरलेले नट-बोल्टचे पाने ओळीने लावले. प्रत्येक पान्याला दोन तोंडे आणि दोन आकडे. सहा-सात. आठ-नऊ. दहा-अकरा. मला एकदम खेळ सुचला. पाशाभाई आकडा सांगतील, ती पाना देईल.

"चौदा!" पाशाभाई म्हणाले. तिने दिला. "सतरा!" दिला.

"भाभी, हिला माझ्याकडं ठिवा. हा माझा पोरगा चौदा मागितला की चहा आणतो."

मग तिला दोन्ही आकड्यांची बेरीज करायला सांगितली. तेरा, सतरा, एकवीस, पंचवीस. पाचव्या पान्याला ती थांबली. "चार-चारनं वाढतंय." तिला कोणी सांगितले नव्हते. शेवटचा पाना वीस-बावीसचा. तिथे बेरीज पाचने वाढली. ती पाशाभाईंवर चिडली. "एकवीस कुठंय?"

"त्यो ह्या सेटात न्हाई बेटा. कंपनीनं खाल्ला."

लगतची पुढची संख्या हा धडा मी तिथेच घेतला. एका तोंडाला दहा, लगतची दुसऱ्या तोंडाला अकरा. हातात धरता येते. पुस्तकातल्या चौकटीत ते होत नाही.

निघताना म्हणाली, "उद्या बी यायचं."

२२ फेब्रुवारी, शनिवार

रोज गॅरेज. चार दिवस पाने, मग पाने मागे पडले. आता ती फाट्यावरून जाणाऱ्या ट्रॅक्टरच्या नंबरांच्या पाट्या वहीत उतरवते. मी त्यातून अंकांची बेरीज काढली. ती बेरीज करते, पण पटकन, उरकल्यासारखी. तिचे लक्ष पहिल्या अक्षरांकडे असते. कोल्हापूरचे एमएच शून्य नऊ दिसले की उठून उभी राहते.

डिझेलला किंवा हवा भरायला थांबलेल्या ड्रायव्हरला ती प्रश्न विचारते. "दादा, कुठून आलात? तिकडचा कारखाना बंद झाला का? अजून किती दिवस?" ड्रायव्हर हसतात आणि सांगतात. ती लिहून घेते. घरी फोनच्या पडद्यावर घरशाळेच्या मुलांशीही न बोलणारी मुलगी परक्या माणसाशी बोलते आहे.

मुलाखत हे भाषाशिक्षणाचे उत्तम साधन आहे. नकाशाही काढायला दिला. तिने कोल्हापूर, मग लांब रस्ता, मग फाटा, मग वस्ती, मग शाळा काढली. आमचे घर राहिले. आठवण करून दिल्यावर कोपऱ्यात काढले.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

ती रोज सकाळी बंकटच्या बंद घरापुढे झाडते. सासूबाई म्हणाल्या, "सवताचं अंगण झाडाया कंबर दुखती हिची." मी त्यांना सांगितले की काम स्वतः निवडले की मूल ते मनापासून करते. त्या म्हणाल्या, "मग मी बी निवडते. आजपसून भांडी तू घास."

भांडी मी घासली.

२ मार्च, रविवार

आज पाशाभाईंचे रोजे सुरू झाले. त्यांना दिवसा पाणी चालत नाही म्हणून कावेरी आपली बाटली गॅरेजबाहेर ठेवून आत जाते. हे मी शिकवलेले नाही.

दुपारी ती अंगणात दगड मांडत होती. दोन रांगा. एकीकडे गोल दगड, दुसरीकडे चपटे. वर्गीकरण, मी मनात म्हटले. मग नीट पाहिले तर शाळा होती. एक उभा दगड सर.

"ही तिसरी, ही चौथी," ती म्हणाली. दोन दगड चौथीच्या रांगेतून उचलून तिने तिसरीच्या रांगेत शेवटी ठेवले. शेजारी शेजारी.

"हे दोघं का मागं?"

"त्यांला येत न्हाई."

"कोण आहेत ते?"

"दगडं हायेत," ती म्हणाली.

शाळेची भीती अशी खेळातून बाहेर पडते. मी वहीत तारीख घालून ठेवली.

८ मार्च, शनिवार

आज खरे लिहिते.

या चार महिन्यांइतकी मी कधी समाधानी नव्हते. सकाळी उठताना आज काय घ्यायचे याचा विचार असतो. भाकरीवर अपूर्णांक. वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोरीवर चिमट्याने लावलेली जोडाक्षरे. अंगणात काठी रोवून सावलीचे घड्याळ. कॉलेजात साठ मुलांपैकी चार ऐकत. इथे एक आहे आणि ती ऐकते.

पण एक गोष्ट खटकते. तिसरीचे पुस्तक जानेवारीतच संपले. आता चौथीचे उघडले की ती मिटते. "तिसरीचंच घे." दहाच्या पुढचा पाढा घेतला की, "ते नको." आज तिला चौथीतली एक गोष्ट वाचायला दिली. ती आजीजवळ जाऊन बसली. मी आत पोळ्या करत होते. आतून ऐकले तर ती सगळी गोष्ट धडाधड वाचून दाखवत होती, वाघाचा आवाजही काढत होती. मी बाहेर आले तर पुस्तक खाली.

"वाचलीस की!"

"आजीला वाचली. शिकले न्हाई काय."

कदाचित मी घाई करते. मूल स्वतःच्या गतीने जाते असे आपणच म्हणायचे आणि आपणच ओढायचे. उद्यापासून चौथीचे पुस्तक कपाटात.

१२ मार्च, बुधवार

बंकटचा फोन उत्तरेश्वरांना आला. कारखाना आठवड्याभरात बंद होईल, मग मुकादम सोडेल तेव्हा निघू. कावेरीने फोन हातातून ओढला.

"काका, बबिता हाय का तिथं? … बबे! तिकडं साळा हाय का? … मग कधीच न्हाई गेली? एकदा बी न्हाई? … बरं. बरं. ठिव."

फोन ठेवून ती बाहेर पळाली. मी म्हटले, मुलगी बोलकी होते आहे. उत्तरेश्वर माझ्याकडे बघत होते. "काय?" मी विचारले. "काय न्हाई," ते म्हणाले.

१५ मार्च, शनिवार

शाळा सुटल्यावर सर आले. म्हणाले, निर्णय तुमचाच, पण पोरगी अभ्यासात कुठे आहे ते एकदा बघतो. मला बरेच वाटले. दाखवायला माझ्याकडे चार महिने होते. दोरी, चिमटे, वह्या सगळे ओट्यावर मांडून ठेवले. पाशाभाई स्कूटीचा ब्रेक नीट करायला आले होते, तेही थांबले.

सरांनी तिसरीचा उतारा दिला. कावेरीने एकेका शब्दाला अडखळत वाचला. "वा… वाघ." गेल्याच आठवड्यात आजीसमोर तिने वाघाचा आवाज काढला होता. सहाचा पाढा छत्तीसला थांबला. मग सरांनी विचारले, "वीसच्या लगतची पुढची संख्या?"

"बावीस."

सर माझ्याकडे बघू लागले. माझे कान तापले.

पाशाभाई मोठ्याने हसले. "सर, चूक तिची न्हाई. माझ्या सेटात वीसच्या फुडं बावीसच हाय!"

मी सरांना पाने, दोन तोंडे, लगतची संख्या, सगळे समजावून सांगितले. बोलत असतानाच कळत होते की हे ऐकायला कसे वाटते. सरांनी शांतपणे ऐकले. ते वाईट माणूस नाहीत.

"मॅडम, तुमची मेहनत दिसती. पर ही आत्ता आली तर तिसरीच्या रांगेत बसंलच. जूनमध्ये चौथीत गेली तरी मला तिथंच बसवावी लागंल. मग 'हिला हितं कावून बसवली' असं पोरं इचारतात, हसतात. त्यापरीस घरीच बरी असं तुमाला वाटलं तर मी समजू शकतो."

"तिसरीच्याच रांगेत? पक्कं?" कावेरीने विचारले. आवाज अगदी स्पष्ट होता.

"हे असंच ऱ्हायलं तर पक्कं."

ती आत गेली. मी सरांना चहा दिला. मी तिला पान्यावरून आकडे शिकवले आणि एकवीस तिच्या डोक्यातून गेला. साहित्य शिकलेल्या बाईने गणित शिकवले की हे होते.

संध्याकाळी कावेरीने दीड भाकरी खाल्ली. एरवी अर्धी उरते.

१८ मार्च, मंगळवार

दोन दिवस मनात तेच. मग ठरवले, चूक माझी आहे तर दुरुस्तीही मीच करणार. तिला हसणाऱ्या मुलांसमोर तिसरीच्या रांगेत बसू देणार नाही. सरांना द्यायचे पत्र आज लिहिले. "माझी मुलगी कावेरी हिला घरीच शिक्षण देण्याचा आमचा निर्णय आहे." दोनदा लिहिले. पहिल्यात 'आमचा निर्णय'च्या जागी 'माझा' झाले होते.

उत्तरेश्वरांनी वाचले. सही केली नाही. "पाडवा लांब हाय अजून."

२१ मार्च, शुक्रवार

पाशाभाईंनी ट्रकवाल्या मित्राकडून मोठा पाना आणला. एकवीस-तेवीस. "घ्या भाभी. कंपनीनं खाल्लेला सापडला." मी त्यावर खेळ तयार केला होता. अंगणात खडूने वीसपासून तीसपर्यंत चौकोन, एकवीसच्या चौकोनात पाना ठेवायचा, उड्या मारत जायचे. कावेरीने उड्या मारल्या. मग पायरीवर बसली.

"आई, मला एकवीस येतो की."

"मग सरांना का नाही सांगितलास?"

ती रस्त्याकडे बघत होती. "तवा न्हाई आला."

भीतीने येणारेही विसरते. मी तिला जवळ घेतले. माझ्या मिठीतून सुटत तिने विचारले, "आता गॅरेजला जाऊ?"

२६ मार्च, बुधवार

संध्याकाळी तिला आणायला फाट्यावर गेले. रोजा सुटायची वेळ होती. पाशाभाईंनी कागदावर खजूर काढून ठेवले होते, आणि कावेरी त्यांच्या शेजारी स्टुलावर घड्याळ बघत बसली होती. पहिला खजूर त्यांनी तिला दिला नाही. आधी स्वतः खाल्ला, पाणी प्याले, मग दिला. "रोजा माझा, खजूर माझा. उरलेला तुझा."

तेवढ्यात ट्रॅक्टर आला. दोन ट्रॉल्या. भांडी, झोपायच्या बाजा, कोंबड्यांचे खुराडे, त्यावर माणसे. कावेरीने पाटी वाचली नाही. ती धावली.

ट्रॉलीतून बंकट उतरला, मग त्याची बायको, मग बबिता. बबिता माझ्या आठवणीपेक्षा वीतभर उंच होती. दंडांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे, केस तांबूस झालेले. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. कोणी कोणाला हात लावला नाही.

"तुझ्या घराम्होरं रोज झाडलंय मी," कावेरी म्हणाली.

"कावून?"

"असंच. उद्या साळा हाय. साडेसातला. सकाळची झालीय."

बबिताने मान हलवली. "मी न्हाई येत. पाच महिने झाले. काय सुदीक येत न्हाई आता. चौथीत गेलं तरी सर तिसरीतच बसवतेत, पोरं हसतेत. गेल्या साली बी तोडीवरून आलेल्यांला बसवलं व्हतं."

"मी बी तिसरीच्याच रांगेत बसणार हाय."

"खोटी. तुझी आई मॅडम हाय. तुला तं सगळं येतं."

"न्हाई येत. तू गेल्यापसून मी बी साळंत गेले न्हाई. एक दिवस बी न्हाई. इचार सरांना. मला वीसच्या फुडचं बी येत न्हाई."

बबिता हसली. "एकवीस, येडे!"

"बघ," कावेरी म्हणाली. "तुला येतं."

मी चार पावलांवर उभी होते. बंकटची बायको मला काहीतरी विचारत होती, तब्येत कशी आहे असे असावे. मी बरी आहे म्हणाले. पाशाभाईंनी कागद माझ्यापुढे केला. मी खजूर घेतला आणि बी टाकायला जागा सापडेना म्हणून ती बराच वेळ तोंडात धरून उभी राहिले.

परत येताना दोघी पुढे चालत होत्या. बबिताच्या डोक्यावर गाठोडे, कावेरीच्या हातात तिची कळशी. कावेरी तिला सांगत होती की गंजीवरून रस्ता दिसतो. ट्रॅक्टरच्या पाट्या कशा ओळखायच्या. कोणत्या कारखान्याचा पट्टा कधी पडला, गाळप कधी थांबले. तिला सगळ्या तारखा पाठ होत्या. मी शिकवलेले सगळे तिने नीट वापरले होते. फक्त कशासाठी ते मला माहीत नव्हते.

उत्तरेश्वर टेम्पो धूत होते. मी त्यांना पत्राचा कागद परत मागितला.

"तिला इचारलंस?"

"नाही. ऐकलं."

ते हसले नाहीत. बादली उलटी केली आणि म्हणाले, "बंकटच्या पोरीला दप्तर असंल का?"

नसणार. माझी कॉलेजची कापडी पिशवी रिकामी केली. आत जुन्या हजेरीच्या याद्या होत्या. त्या कपाटात ठेवल्या. पिशवीत पाटी, दोन वह्या, पेन्सिल. चौथीचे पुस्तक कपाटात हाताला लागले. ठेवावे की नाही, कळेना. कावेरी मागे उभी होती.

"ते नंतर," ती म्हणाली. "आधी तिला तिसरीचं येऊ दे. मग दोघी मिळून तिकडच्या रांगेत जाऊ."

मला राग आला पाहिजे होता. खोटे अडखळली, सरांसमोर, माझ्यासमोर. तिला ते सांगितलेही. खोटं बोलायचं नसतं, म्हटले. ती म्हणाली, "बरं." सासूबाई आतून म्हणाल्या, "चार म्हैने पोरीनं आईला शिकवलं, आता आई पोरीला शिकिवती."

भांडी मीच घासली.

२७ मार्च, गुरुवार

सकाळी सव्वासातला दोघी शाळेत गेल्या. सरांनी दोघींना तिसरीच्या रांगेत शेवटी बसवले. कोणी हसले का विचारले, तर कावेरी म्हणाली, दोघे हसले, पण दोघींवर हसायला त्यांना जास्त वेळ लागला. अकराला शाळा सुटली तेव्हा बबिताला सहाचा पाढा छत्तीसपर्यंत येत होता.